सतरा मिनिटांच्या आत

"तुला मोजता येतं ना गं?"

कोच लुंडीनबाईंनी मला हे विचारलं तेव्हा मी पूलच्या कडेला, उजवं मनगट प्लास्टरमध्ये घालून, कुणाकुणाचे ओले टॉवेल गोळा करत होते. जानेवारीतला शनिवार. बाहेर लेक सुपीरियरवरून आलेलं बर्फ खिडक्यांच्या अर्ध्यापर्यंत साचलेलं, आत क्लोरीनचा वास आणि शिट्ट्यांचा कलकलाट. मी या कॉलेजच्या टीममधली उडी मारणारी. तीन मीटर उंच फळीवरून अडीच कोलांट्या मारताना मला कधी खरचटलंही नव्हतं, आणि मनगट मोडलं ते हॉस्टेलच्या दुसऱ्या पायरीवर घसरून! तेव्हापासून मी टीमची टॉवेलवाली झाले होते. एका जागी स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. तीन वर्षांत हे माझं दुसरं कॉलेज, यावरून काय ते समजा.

"शंभरपर्यंत येतं," मी म्हटलं.

"सहासष्टपर्यंत आलं तरी पुरे. गॅरेट तापानं झोपलाय. लेन आठ. आर्लो पेल्टोलाचं मोजायचंय." आणि त्यांनी आकड्यांच्या पाट्यांची चळत माझ्या डाव्या हातात कोंबली.

मैलाची शर्यत म्हणजे आमच्या पूलच्या सहासष्ट फेऱ्या. पाण्यात डोकं घालून पोहणाऱ्याला त्या मोजणं शक्य नसतं, म्हणून पलीकडच्या टोकाला त्याचा कुणीतरी गुडघ्यावर बसतो आणि तो जवळ आला की आकड्याची पाटी पाण्यात बुडवून धरतो. एक, तीन, पाच... असं करत त्रेसष्ट. पासष्टच्या जागी नुसती केशरी पाटी. ती दिसली की एकच फेरी उरली, आता जीव तोडून पोहायचं.

एवढंच काम. लहान मुलालाही जमेल असं.

पण तो दर वेळी माझ्याच बाजूला तोंड वळवून श्वास घ्यायचा. निळा चष्मा, अर्धं तोंड पाण्यात, आणि क्षणभर सरळ माझ्याकडे बघणं... मी काही त्याच्याकडे बघत नव्हते. म्हणजे बघावंच लागतं, पाटी दाखवायची तर... आणि डाव्या हातानं ओल्या पाट्या उलटणं म्हणजे काय दिव्य असतं ते करून बघा. एकतिसाची पाटी चिकटून बसली. मी दातांनी सोडवली. तेवढ्यात तो आला, गेला. आता एकतीस झाले होते की व्हायचे होते? मी म्हटलं, व्हायचे असतील.

शेवटी बाकी सातही जण बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून उभे राहिले, टाळ्या थांबल्या, आणि आमचा हा एकटा शांतपणे हात मारतच होता. पंचांनी माझ्याकडे बघितलं. कोचनी कपाळावर हात मारून घेतला. मग मी केशरी पाटी धरली आणि तो सगळ्या पूलसमोर, जीव तोडून, दोन जास्तीच्या फेऱ्या पूर्ण करून आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहासष्टाव्या फेरीला त्याचे पाय भिंतीला लागले होते, तीच वेळ पंचांनी धरली. सतरा मिनिटं सहा सेकंद.

तो धापा टाकत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. उंचीनं माझ्याएवढाच, रुंद खांदे, नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकतंय.

"नाव काय तुझं?"

"मार्नी. मार्नी ड्युपी. सॉरी, मी खरंच—"

"उड्या मारणारी?"

"हो."

"तरीच! तुमचं सगळं दीड सेकंदात आटपतं. सहासष्ट म्हणजे तुमच्या हिशेबात म्हातारपणच आलं."

"हे बघ, माझा एक हात प्लास्टरमध्ये आहे—"

"मी दोन्ही हात वापरत होतो. आणि मला वाटतच होतं, आज मैल जरा लांबलाय."

"मग थांबायचं नाहीस का, शहाण्या?"

"पाटीवर विश्वास ठेवायचा असतो," तो म्हणाला आणि हसला. पुढचा एक दात किंचित तिरका होता. मग त्यानं मान वर करून आपली वेळ बघितली आणि ते हसू गेलं. तो टॉवेल घेऊन निघून गेला. टॉवेल माझ्याच हातातून घेतला, तेवढंही त्याच्या लक्षात आलं नाही.

ते हसू का गेलं, हे मला गॅरेटनं नंतर फोनवर शिंकत शिंकत सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटी विभागीय स्पर्धा. तिथे पुरुषांचे अठराच जण न्यायचे असतात. सतरा नावं ठरली होती. अठराव्या जागेसाठी कोचनी आर्लोला सांगितलं होतं: मैल सतरा मिनिटांच्या आत पोहून दाखव, बसमध्ये बस. नाही जमलं, तर ती जागा दुसऱ्याला. कॉलेजातलं त्याचं हे शेवटचं वर्ष. केशरी पाटी वेळेवर दिसली असती, तर त्यानं शेवटच्या फेरीला जोर लावला असता. दोन-तीन सेकंद तरी नक्की वाचले असते.

रविवारी मला जेवण गेलं नाही. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी एवढ्या चकरा मारल्या की खालच्या मजल्यावरच्या मुलीनं छताला काठी ठोकली. सोमवारी सकाळी सहाला मी पूलवर हजर.

"माफी मागायला आलेय."

"माफी नको," आर्लो टोपी चढवत म्हणाला. "गॅरेटचा आणि माझा मैल एकाच वेळी असणार पुढच्या वेळी. मला मोजणारं माणूस हवंय. शिक्षा समज. रोज सकाळी सहा ते आठ."

"रोज?"

"रविवारी सुट्टी. मी काही राक्षस नाही."

अशी मी कामाला लागले. पाच आठवडे. पहाटेच्या त्या पिवळ्या दिव्यांत गुडघ्याखाली टॉवेलाची घडी घालून मी बसायची, आणि तो यायचा, जायचा, यायचा, जायचा. हळूहळू मला त्याचं पोहणं वाचता यायला लागलं. डावा हात जरा लवकर आत शिरला की थकलाय. वळताना ओठ घट्ट मिटले की स्वतःवर चिडलाय. तो मंदावला की मी पाटी पाण्यात जोरात हलवायची, म्हणजे 'चल की रे बैला!' आणि तो पुढच्या फेरीला मुद्दाम माझ्या अंगावर पाणी उडवून जायचा.

सरावानंतर आम्ही टेकडी उतरून पास्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, दुकानात जायचो. दुकानापर्यंत सात मिनिटं, तेवढ्यात त्याचे ओले केस कडक गोठायचे. मी ते बोटानं मोडायची.

"ए, तुटतील!"

"तुटू देत. आहेत किती!"

"तू ना, दुसऱ्याच्या डोक्यावर फार उदार आहेस."

दुकानात गरम पास्टी दोन्ही हातांत धरून बसायचं, बटाट्याची वाफ तोंडावर घ्यायची, आणि उगाच भांडायचं. पाय टेबलाखाली एकमेकांना लागायचे. लागले की कुणीच काढून घ्यायचं नाही, आणि कुणी त्याबद्दल बोलायचंही नाही... मला वाटायचं, बोल ना बाबा एकदाचं! आणि बोलायला लागला असं वाटलं की मीच हवामानाची गोष्ट काढायची. असं सगळं. अस्वलानं पाठ खाजवावी तशी अवस्था, एक क्षण चैन नाही.

आणि मग माझ्या तोंडानं घात केला.

पूलच्या भिंतीवर कॉलेजच्या विक्रमांचा मोठा फळा आहे. मी तो कधी नीट वाचला नव्हता, आमच्या उड्यांची यादी तेवढी बघायची. त्या सकाळी वाचला. दुकानात बसल्या बसल्या मी सुरू केलं.

"तुझ्या बहिणीला बोलाव ना एकदा सरावाला."

"कोणती बहीण?"

"ती भिंतीवरची. ए. पेल्टोला. बायकांच्या यादीत मैलाचा विक्रम, सतरा चोवीस. तोही चार वर्षांपूर्वीचा! आणि तू, एवढा दांडगा, घासून घासून सतरा सहा. जरा तिची शिकवणी लाव की!"

आर्लोनं पास्टी खाली ठेवली. हात पुसले. सावकाश पुसले.

"मला बहीण नाही, मार्नी. तो मीच."

मला कळायला तीन सेकंद लागले. त्याच्या छातीवरच्या दोन आडव्या पुसट रेघा मी रोज बघत होते, पण पोहणाऱ्या-उड्या मारणाऱ्यांत कुणाच्या अंगावर रेघ नसते? माझ्याच गुडघ्यावर तीन आहेत. मी कधी विचारच केला नव्हता. आणि आता माझे कान एवढे तापले की टोपी काढावी लागली.

"इथे सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला कुणी सांगितलं असेल."

"मला टॉवेलशिवाय कुणी काही सांगत नाही!"

हे मी एवढ्या कळवळून म्हटलं की तो हसायलाच लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग मीही. दुकानदारीण बाई आमच्याकडे बघून मान हलवत राहिल्या.

हसून झाल्यावर त्यानं सांगितलं. पहिली दोन वर्षं तो मुलींच्या टीममध्ये पोहला. मैलात पहिला यायचा, विभागात दुसरा आला. मग एक वर्ष पाण्याबाहेर. शस्त्रक्रिया, दर गुरुवारी इंजेक्शन, फाटलेला आवाज, नवीन नाव. पहिलं अक्षर तेवढं जुनंच राहू दिलं, म्हणजे फळ्यावर रंगारी बोलवायला नको. मग परत आला तो पुरुषांच्या टीममध्ये. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीपासून मुलांच्या खोलीपर्यंत बारा पावलं आहेत म्हणे. पहिल्यांदा ती चालायला त्याला आठ महिने लागले.

"आणि आत गेल्यावर?"

"काही नाही. गॅरेट म्हणाला, दार लाव, वारं येतंय."

"पण आर्लो... पहिला नंबर होता तुझा. तो सोडून इथे शेवटून पहिला यायचं. त्रास नाही होत?"

"होतो ना. हरायला कुणाला आवडतं?" त्यानं कपातली कॉफी ढवळली, साखर न घालताच. "पण तेव्हा ना, पहिला आलो की टाळ्या वाजायच्या आणि मला वाटायचं, वर उभी आहे ती कुणी दुसरीच. टाळ्या तिला. मी आपला खाली, चपला शोधतोय. आता शेवटचा येतो. पण मी येतो. फक्त... एकदा, मार्नी, एकदा त्यांच्याबरोबर त्या बसमध्ये बसून जायचंय. टीममधला अठरावा म्हणून. दया म्हणून नाही, वेळ काढून."

मला त्याचा हात धरावासा वाटला. मी त्याची उरलेली पास्टी खाल्ली.

तर, तो शनिवार उजाडला. स्पर्धेआधीची घरच्या पूलवरची शेवटची शर्यत. माझं प्लास्टर दोन दिवसांपूर्वीच निघालं होतं. मनगट पांढरंफटक आणि कुबट वासाचं, पण दोन हात होते. मी एकही आकडा चुकले नाही. पन्नासाव्या फेरीनंतर मी पाटी अशी हलवली की शेजारचा मोजणारा भिजून ओरडला. केशरी पाटी बघून आर्लो असा सुटला की मी आकडे-बिकडे सोडून काठाकाठानं त्याच्याबरोबर धावले.

सतरा मिनिटं, शून्य पूर्णांक अडतीस सेकंद.

अर्धा सेकंदसुद्धा नाही! टाळी वाजवायला लागतो त्याहून कमी वेळ. आर्लो पाण्यातच दोरीवर हात टाकून, खाली मान घालून राहिला. आणि कोच लुंडीन काठावर येऊन त्याच्या डोक्यावरच कडाडल्या.

"हे काय आहे? पाय बघ तुझे! पाठ बघ! आजच्या दिवशी अंगावरचा केसन् केस ठेवून कुणी पोहतं का?"

मी बघितलं. खरंच की. हिवाळाभर आमचे पोहणारे अंगावरचे केस तसेच वाढू देतात. मग मोठ्या शर्यतीच्या आधी सगळे मिळून वस्तरे घेऊन बसतात, हात, पाय, पाठ, सगळं गुळगुळीत. पाणी अंगावरून निसटतं म्हणे, मैलाला दोन-चार सेकंद सहज वाचतात. आज वेळ काढायला आलेला प्रत्येक जण सोललेल्या बटाट्यासारखा चकाकत होता. एकटा आर्लो सोडून.

"सोमवारी नऊला मला नावं पाठवायचीत," कोच म्हणाल्या. "सोमवारी सकाळी सहाला ये. एकटा पोह. घड्याळ मी लावते. पण असा आलास, तर पाण्यात उतरू देणार नाही. समजलं?"

मी त्याला बाहेर, सायकलींच्या बर्फात बुडालेल्या रांगेपाशी गाठलं. माझा पारा चढला होता.

"विसरलास?"

"नाही."

"मग काय, वस्तरा सापडला नाही? पाच आठवडे मी गुडघे फोडून घेतले! अर्ध्या सेकंदानं गेलं, आर्लो! केसांपायी!"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! माझा स्वभावच तो आहे!"

त्याच्या दाढीच्या विरळ खुंटांवर बर्फ बसत होतं. मग त्यानं पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला, त्या थंडीत, आणि मला नडगी दाखवली. भुरे, दाट केस.

"हे यायला तीन वर्षं लागली," तो म्हणाला. "पहिला केस जाड झालेला दिसला ना, तेव्हा मी आईला फोन केला होता. बारशाला बोलवावं तसा. ती म्हणाली, वडिलांवर गेलास. कुणी मला वडिलांवर गेलास म्हणायची ती पहिली वेळ... आणि गुळगुळीत पाय माझे होते, मार्नी. एकोणीस वर्षं होते. रोज सकाळी आरशात दुसरंच कुणी. मला माहीत आहे हा वेडेपणा आहे. काल दोनदा वस्तरा हातात घेतला. वाटलं, काढले आणि खाली परत तीच निघाली तर?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"पाय झाक," मी म्हटलं. "न्यूमोनिया होईल."

त्यानं झाकला.

"गॅरेटचे पाय बघितलेस आज?" मी विचारलं.

"का?"

"नाही, फार सुंदर दिसत होते. मी त्याला विचारणार होते, कुठलं क्रीम लावतोस. त्या सतराही जणांचे. नटून आलेल्या नवऱ्यामुलींसारखे उभे होते रांगेत. त्यांना कुणी विचारलं, की तुम्ही कोण?"

आर्लोच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"तुझे तू काढ नाहीतर ठेव," मी म्हटलं. "बस गेली तरी माझं काही बिघडत नाही. मला तू दोन्ही प्रकारे चाल... म्हणजे... थंडी फार आहे नाही आज?"

आणि मी पळाले. खरोखर पळाले, बर्फातून, घोट्यापर्यंत रुतत.

रविवारी दुपारी हॉस्टेलच्या स्वयंपाकघराचं दार वाजलं. मी अंडी उकडत होते. दारात आर्लो, हातात वस्तऱ्यांचं पाकीट आणि साबणाचा फेस.

"टीमबरोबर बसता येत नाही," तो म्हणाला. "मुलांच्या घरी आज सगळे स्पर्धेसाठी पुन्हा एकदा वस्तरे फिरवायला जमलेत, पण ज्यांचं नाव यादीत आहे त्यांनीच बसायचं, असा रिवाज आहे. हात-पाय माझे मी केलेत. पाठीला हात पोचत नाही."

मी गॅस बंद केला. त्यानं खुर्ची उलटी फिरवली, शर्ट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून बसला. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड. त्याचे दंड गुळगुळीत, लालसर, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखे. मी त्यांच्याकडे बघितलेलं त्याला कळलं.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"अजून माहीत नाही. कपडे टोचतायत. आरशात बघितलं नाही."

मी फेस लावला. तो शहारला. माझं मनगट अजून आखडलेलं होतं. खांद्यापासून खाली एक पट्टा. पाण्यात बुडवायचा, झटकायचा, दुसरा पट्टा. त्याच्या पाठीचा श्वास माझ्या बोटांखाली वरखाली होत होता. नळ ठिबकत होता.

"मार्नी."

"हं."

"तू मला फार आवडतेस."

"हलू नकोस. कापेल."

"हललो नाही, बोललो."

"बोललास की पाठ हलते."

"पहिल्या दिवसापासून. तू दातांनी पाटी ओढत होतीस ना, तेव्हा. मला वाटलं, ही बाई माझी शर्यत घालवणार... आणि तरी मी दर फेरीला तुझ्याच बाजूला श्वास घेत होतो. मी एरवी उजवीकडे घेतो."

वस्तरा माझ्या हातात तसाच राहिला. मला हो म्हणायचं होतं. हो, हो, शंभर वेळा हो! पण जिभेवर आलं ते भलतंच.

"उद्या सांगते. शर्यत झाल्यावर."

"बरं," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी स्वतःला शिव्या घातल्या. शर्यत झाल्यावर? म्हणजे काय, वेळ आली तर हो आणि नाही आली तर नाही? एवढी वर्षं तो कशानं तरी स्वतःला सिद्ध करत आला, आणि मीही आता हातात घड्याळ घेऊन उभी राहिले होते. थंड झालेली अंडी मी उभ्यानंच खाल्ली. मग स्वयंपाकघर धुतलं, जिना झाडला, कुणीही न सांगता.

सोमवारी सहाला पूलवर कोच होत्या, मी होते, आणि अनपेक्षितपणे गॅरेट आणि बाकीचे सोळा जण, जांभया देत, चपला ओढत आलेले.

"इतक्या सकाळी?" मी गॅरेटला विचारलं.

"झोप येत नव्हती," तो म्हणाला. डोळे अर्धे मिटलेले होते त्याचे.

आर्लो लेन चारच्या चौथऱ्यावर चढला. मला पलीकडच्या टोकाला जायचं होतं. मी अर्ध्यात गेले, थांबले, आणि परत फिरले. कोच म्हणाल्या, "ड्युपी, जागेवर!" मी ऐकलं नाही. मी चौथऱ्याखाली जाऊन उभी राहिले आणि मान वर केली.

"आर्लो, ऐक. सतरा येऊ दे, वीस येऊ दे, बुडालास तरी चालेल. हो. माझं हो आहे. कालच होतं. मी मूर्ख आहे. बस्स, आता पोह."

मागून सतरा शिट्ट्या वाजल्या. आर्लो वरून माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याचे कान लाल झाले.

"आता बुडेनच," तो म्हणाला.

"बुड. पण आधी सहासष्ट फेऱ्या मार."

मी धावत टोकाला गेले. शिट्टी झाली.

पहिल्याच फेरीत काहीतरी वेगळं होतं. तो आला आणि वळताना ओठ मिटलेले नव्हते. अकरा. तेवीस. त्याच्या मागे पाणी फाटतच नव्हतं, नुसतं बाजूला सरत होतं. एकतीस, तेहतीस. पंचेचाळीसला मुलं काठावर उभी राहिली. एक्कावन्नला त्याचा डावा हात लवकर पडायला लागला आणि मी पाटी हलवली, हलवली, मनगट कळवळेपर्यंत हलवली. सत्तावन्न. एकसष्ट. त्रेसष्ट. मी केशरी पाटी कोपरापर्यंत पाण्यात घातली आणि त्याचं नाव घेऊन ओरडले, पाण्याखाली ऐकू जात नाही हे माहीत असून.

तो गेला. भिंतीला हात लागला. कोचनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, चष्मा वर सारून तिसऱ्यांदा बघितलं.

"सोळा छप्पन्न," त्या म्हणाल्या. मग नाक ओढून, "अंग पूस लवकर. उद्या सकाळी सातला बस आहे, उशीर करणाऱ्यासाठी मी थांबत नाही." आणि पाठ करून त्या झपझप ऑफिसकडे गेल्या. रुमाल शोधत होत्या, मला दिसलं.

सतरा जण कपड्यांसकट पाण्यात उड्या मारून आर्लोवर पडले. मी माझी पाळी यायची वाट बघत पंधरा सेकंद उभी राहिले. माझ्यासाठी पंधरा सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. मग मीही उडी मारली. भीषण उडी, पाय वाकडे, परीक्षकांनी शून्य दिलं असतं.

त्यानं मला धरलं. दात वाजत होते त्याचे, आणि तो हसत होता, की रडत होता, ओल्या तोंडावर काय कळतंय! त्याचा उघडा गार दंड माझ्या गालाला लागला आणि त्यावर काटा उभा राहिलेला मला जाणवला.

"आर्लो? काय रे? रडतोस?"

"पाणी सगळीकडे लागत होतं," तो म्हणाला. "सगळ्या अंगाला. एवढी वर्षं पोहतोय, असं कधीच... मला वाटलं होतं, खाली ती असेल. वाट बघत होतो, पहिल्या फेरीला, दुसऱ्या फेरीला. कुणीच नव्हतं, मार्नी. मीच होतो. हे माझंच आहे."

मी त्याचा गुळगुळीत हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, अठरा ओल्या माणसांच्या गोंधळात, आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत सोडला नाही.